फाटकाशी ठेवून जायचं नाव

आमचं आडनाव इमेनपोल. उभ्या जर्मनीत हे आडनाव लावणारी माणसं एका जेवणाच्या टेबलाभोवती मावतील, आणि तरी एखादी खुर्ची रिकामी राहील. लोकांना हे ऐकून भारी कौतुक वाटतं. "अय्या, इतकं दुर्मीळ!" म्हणतात. दुर्मीळ वस्तू घरात असली की ती रोज कुणीतरी पुसावी लागते, हे कौतुक करणाऱ्यांना ठाऊक नसतं.

ती पुसणारी मी. ट्रूडिस इमेनपोल, वय अठ्ठावन्न. सकाळी गावातल्या वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत चादरी धुवायच्या, दुपारी घरी येऊन पापांचं बघायचं. पापा शहाऐंशी वर्षांचे. तब्येत ठणठणीत, अजून सायकलवरून चर्चला जातात. दुखतं ते माझंच. कंबर, गुडघे, आणि बोलायचं झालं तर कानसुद्धा, कारण गेली कित्येक वर्षं मी एकच गोष्ट ऐकत आलेय.

ती गोष्ट अशी. आमच्या मळ्यामागे पाण्याचं एक डबकं आहे. पापा त्याला तळं म्हणतात. उन्हाळ्यात तिथे मधमाश्या पाणी प्यायला येतात. इकडच्या जुन्या बोलीत मधमाशी म्हणजे इमे आणि डबकं म्हणजे पोल. झालं. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी त्या डबक्याशेजारी घर बांधलं आणि घराला डबक्याचं नाव पडलं. घराचं नाव पडलं म्हणून माणसांचं पडलं. यात राजा नाही, लढाई नाही, काही नाही. पण पापा सांगायला लागले की वाटावं, त्या माश्या सोन्याच्या होत्या.

आमच्याकडे म्युन्स्टरच्या पश्चिमेला नाव माणसाचं नसतं, मळ्याचं असतं. जो मळ्यावर नांदायला येतो तो मळ्याचं नाव घेतो. घरजावई असला तरी. माझे आजोबा जन्माने पोपेलमान. आजीशी लग्न करून आले, सरकारची परवानगी काढली, आणि इमेनपोल होऊन कामाला लागले. त्यांच्याआधीही असाच एक बाहेरून आलेला. त्यामुळे मूळच्या इमेनपोलांचं रक्त आमच्यात कितपत उरलंय, हे देव जाणे. गावात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. नाव चुलीसारखं असतं, घरासोबत येतं.

आणि याची दुसरी बाजू म्हणजे, जो मळा सोडून जातो त्याने नाव फाटकाशी ठेवून जायचं. धाकटे मुलगे दुसरीकडे घरजावई झाले की तिथलं नाव घ्यायचे, मुली नवऱ्याचं. म्हणून जगात एका वेळी इमेनपोलांचं घर एकच. दुर्मीळपणाचं गुपित एवढंच आहे. टेबलाभोवतीच्या त्या बाकीच्या खुर्च्यांवर जे बसतील, ते पापांच्या मते चोर.

एकदा हानोवरहून एक निवृत्त अधिकारी आले होते, योआखिम इमेनपोल. कोट, टाय, हातात वंशावळीची गुंडाळी. आपल्या कुळाचं मूळ घर बघायला आले म्हणे. पापांनी त्यांना अंगणातच उभं केलं.

"कुठला मळा तुमचा?"

"मळा नाही हो. माझे पणजोबा इथून रेल्वेत नोकरीला गेले. धाकटे होते."

"मग नाव कशाला नेलं बरोबर?"

"म्हणजे?"

"जाताना इथेच ठेवायचं होतं. आमची फावडं-कुदळ नेली असती तर पोलीस आले असते. नाव नेलं तर कुणी बोललं नाही."

बिचारे कॉफीसुद्धा न पिता गेले. मीच त्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि पापांच्या वतीने माफी मागितली. माझ्या आयुष्याचा निम्मा वेळ पापांच्या वतीने माफी मागण्यात गेला आहे.

भाऊ मला नाही. तरुणपणी दोघे जण माझ्याकडे वळले होते. पहिला इमेनपोल व्हायचं ऐकून पळाला, दुसरा पापांना बघून. त्यानंतर मी कुणाची वाट पाहिली नाही. पापांचा नियमच होता, की मळ्यावर एकही रात्र इमेनपोलाशिवाय जाता कामा नये. कुणीतरी त्या नावाचं तिथे झोपलेलं पाहिजे, आणि आपल्या वयाचा भरवसा नाही म्हणून मी रोज रात्री घरी हवीच. आई होती तोवर तिघं होतो. ती गेल्यावर दोघं. पापांना पडसं झालं की मी हिशेब करायची, म्हणजे उद्यापासून मी एकटी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे.

चार वर्षांपूर्वी मी मळा विकायला काढला. गाई केव्हाच गेल्या होत्या, छप्पर गळत होतं, आणि मी दमले होते. पापा एक शब्दही बोलले नाहीत, कारण छपरावर चढायला तेही नव्हते आणि मीही नव्हते. पोलंडहून आलेल्या एका जोडप्याने मळा घेतला. दारेक आणि ओला. आधी इकडच्याच शतावरीच्या शेतांत मजुरी करायचे, आता त्यांच्या शेळ्या आहेत, चीज करतात. आम्ही रिवाजाप्रमाणे अंगणापलीकडच्या म्हातारघरात गेलो. मळा दुसऱ्याच्या हातात गेला की थकलेल्यांनी राहायचं ते छोटं घर.

विक्रीच्या दिवशी पापांनी दारेकला बाजूला घेतलं. म्हणाले, "शेळ्या आण, डुकरं आण, काय हवं ते कर. पण नाव घ्यावं लागेल."

दारेक हसला. "मी ग्विझ्दावा आहे. नाव बदललं तर माझा बाप पोलंडहून चालत येईल मला बडवायला."

"माझ्या बापाने बदललं होतं."

"त्यांचा बाप चांगला असेल."

तेव्हापासून पापा दारेकशी बोलत नव्हते. रोज सकाळी दारेक अंगणातून हात करायचा आणि पापा शेळ्यांकडे बघायचे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली गत. मळा गेला, पण नियम राहिला. उलट आणखी घट्ट झाला. "आता नाव फक्त तुझ्यात आहे, ट्रूडिस. माझ्यामागे तू इथे झोपलीस तरच."

आणि मला झोपायचं होतं क्लेमेन्सकडे. हे सरळच सांगते, या वयात लाजायचं काय. क्लेमेन्स ट्यूसहाउस, विधुर, गाडीवर मासे विकतो. मंगळवारी आमच्या बाजारात असतो. अकरा वर्षं झाली आमचं आहे. अकरा वर्षं मी त्याच्याकडे रविवारी दुपारी जाते आणि अंधाराच्या आत परत येते, सोळा वर्षांच्या पोरीसारखी. तो त्यावरून चेष्टा करायचा. त्या जानेवारीत त्याने चेष्टा केली नाही.

गाडीच्या फळीवर हेरिंग मांडता मांडता म्हणाला, "ट्रूडी, ईस्टरला मी गाडी विकतोय."

"का रे?"

"थंडी सोसत नाही आता. बहिणीचं घर आहे नॉर्डेनला, समुद्राजवळ. खालचा मजला मला देतेय. दोन माणसांना पुरेल."

 एक बाई आली, तिने मॅकरेल घेतला, गेली.

"मी विचारतोय, येतेस का?"

"पापा..."

"पापांना आण. त्यांना खिडकीत बसव, समुद्राशी भांडतील."

"ते नाही सोडणार. आणि मला सोडू देणार नाहीत."

"तू अठ्ठावन्नची आहेस, अगं."

"मला माहितीये मी किती वर्षांची आहे."

त्याने माझ्यासाठी रोजचे दोन मासे कागदात गुंडाळले. "हे बघ, मी रागावलेलो नाही. थकलोय. तूही थकलीयस. पण मी ईस्टरनंतर इथे नसेन." दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी धमकी समजले असते. क्लेमेन्स धमकी देणारा नाही. म्हणूनच घरी येईपर्यंत मी ईस्टरला किती आठवडे उरले ते मोजत होते.

त्या संध्याकाळी मी पापांना सांगितलं. त्यांनी मासा पूर्ण खाल्ला, काटे ताटाच्या कडेला लावले आणि म्हणाले, "जायचं तर जा. पाचशे वर्षं तुझ्यापाशी येऊन संपली म्हणून सांगेन लोकांना." मग बातम्या लावल्या. मी भांडी घासली. भांडायला अंगात जोर लागतो, तो दिवसभर चादरींत जातो.

फेब्रुवारीत शेजारच्या मळ्यावरची आग्नेस गेली. सेट्रुपांची म्हातारी, पापांच्या बरोबरीची. आमच्याकडे मयत झालं की घरचे लोक रडतात आणि बाकी सगळं शेजारी करतात. पहिला शेजारी दारोदार जाऊन निरोप देतो, भोवतालच्या मळ्यांतला एकेक माणूस खांदा द्यायला येतो. हे काम मळ्याचं असतं, चुकवता येत नाही. सेट्रुपांचा पहिला शेजारी हुबेर्ट ओसेनडोर्फ.

पापांनी खिडकीतून त्याची सायकल पाहिली आणि उठून कोट घातला. निरोप उभ्याने घ्यायचा असतो. हुबेर्ट अंगणात आला, सायकल भिंतीला टेकवली, आणि मोठ्या घराच्या दाराशी गेला. दारेक बाहेर आला. हुबेर्टने टोपी काढली, काहीतरी बोलला, दारेकने मान खाली घातली. मग हुबेर्ट सायकलवर बसून निघून गेला.

पापा कोट घालून उभेच. "विसरला," म्हणाले. "म्हातारा झालाय हुबेर्ट. आठवणीने ये म्हणावं परत."

मी स्वेटर ओढून रस्त्यापर्यंत धावले. "हुबेर्ट! अहो, आमच्याकडे नाही आलात?"

तो एक पाय जमिनीवर टेकून थांबला. "आलो की. इमेनपोलाला सांगितलं मी."

"कुठे? पापा आत उभे आहेत."

हुबेर्टने माझ्याकडे पाहिलं, मग मोठ्या घराकडे, आणि त्याचं तोंड लाल झालं. "हे बघ ट्रूडिस, ते ग्विझ... ग्विझदा... माझी कवळी पडते त्या नावाने. आम्ही सगळे त्याला इमेनपोलच म्हणतो. मळ्यावर राहतो ना तो? मग दुसरं काय म्हणणार?"

"कधीपासून?"

"कुणी ठरवून म्हटलं नाही, बाई. आपोआप झालं."

मी पापांना सांगितलं की हो, हुबेर्ट विसरला, मयत शुक्रवारी दहाला आहे. खोटं बोलले. खरं सांगायचं तर मलाही आत कुठेतरी टोचलं होतं, आणि का ते कळत नव्हतं.

गुरुवारी दारेक आमच्या दाराशी आला, हातात टोपी. "ट्रूडिस, हुबेर्ट म्हणाले मी खांदा द्यायचा. काय घालतात? माझ्याकडे काळा कोट आहे, पण ती उंच हॅट नाही. पांढरे मोजेही लागतात म्हणे हाताला."

मी ओठांवर बोट ठेवून त्याला बाहेर नेलं आणि कपाटातून आजोबांची हॅट काढून दिली. त्याच्या डोक्याला ती लहान होत होती. "पापांना सांगू नकोस," म्हटलं. तो म्हणाला, "ते माझ्याशी बोलतच नाहीत, मी काय सांगणार?"

शुक्रवारी पाऊस धड पडत नव्हता आणि थांबतही नव्हता. मी पापांना म्हटलं, तुम्ही नुसते चला, खांदा कुणीही देईल. त्यांनी ऐकलं नाही. आपली हॅट झटकली, मोजे घातले, ताठ निघाले. "सेट्रुपांच्या मयताला इमेनपोल नाही, असं कधी झालेलं नाही." वाटेत मला सारखं वाटत होतं की आत्ता सांगावं. पण आत्ता आत्ता म्हणता चर्च आलं.

शवपेटी बाहेर आणून ठेवली होती. हुबेर्ट मळ्यांची नावं पुकारत होता, माणसं एकेक करून आपल्या जागी जात होती.

"डावीकडे पुढे, इमेनपोल."

पापा पुढे झाले. आणि पलीकडून दारेकही.

सगळे थांबले.  दारेकने पापांना पाहिलं आणि दोन पावलं मागे गेला. हुबेर्टने घसा साफ केला. त्याचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"बेर्नहार्ड, तू नाही रे."

मला वाटलं, आता पापा हॅट भिरकावतील. निदान हुबेर्टला चार शब्द ऐकवतील. मी पुढे जाऊन त्यांचा दंड धरायला निघालेच होते. पापा दारेककडे बघत होते. त्याच्या डोक्यावर अर्ध्यावर बसलेली ती हॅट, लाल झालेले कान, पावसाने चिकटलेले केस. चार वर्षांत त्यांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"इकडे ये," पापा म्हणाले. "हात असा नाही. पेटीची मूठ खालून धर. आणि डावा पाय आधी, नाहीतर पेटी हेलकावते. आग्नेसला बोट लागायची, तिला आवडणार नाही."

दारेकने मूठ खालून धरली.

"तयार, इमेनपोल?" हुबेर्टने विचारलं.

"तयार," दारेक म्हणाला.

विचार न करता म्हणाला. कुणी आपल्या नावाला 'ओ' देतो तसा. पापांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा मी जन्मभर वाचत आलेय, पण त्या क्षणी तिथे काय होतं ते मला वाचता आलं नाही. ते बाजूला झाले आणि पेटीमागून चालू लागले, म्हाताऱ्यांच्या रांगेत.

नंतर खानावळीत कॉफी आणि केक झाला, मग नेहमीप्रमाणे छोटे ग्लास निघाले. पापा दारेकशेजारी जाऊन बसले आणि तासभर बोलत होते. कुठल्या मळ्याशी कसं वागायचं, कुणाच्या लग्नाला कमान बांधायला जायचं, कुणाला काही झालं तरी दोरखंड उसना द्यायचा नाही. दारेक मान डोलवत होता. ओला माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. चार वर्षांचा अबोला केकच्या एका तुकड्यावर सुटला, याचं मला बरंच वाटायला हवं होतं.

घरी येताना पापा शीळ घालत होते. आईच्या मागे मी त्यांची शीळ ऐकली नव्हती. स्वयंपाकघरात बाकावर बसले, पाय पुढे केला. ओले बूट त्यांना काढवत नाहीत. मी गुडघ्यांवर बसून नाडी सोडायला लागले.

"ट्रूडिस, तो तुझा मासेवाला कुठे चाललाय म्हणालीस?"

"नॉर्डेनला."

"मग जा तू."

माझा हात नाडीवरच राहिला. "काय?"

"जा म्हणतो. आता इथे माणूस आहे."

ज्या शब्दासाठी मी अकरा वर्षं थांबले, तो असा आला. बुटाची नाडी सोडताना, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. मला वाटायचं, ते कधी असं म्हणाले तर मी आनंदाने रडेन. मी वर पाहिलं.

"आणि इतकी वर्षं मी कोण होते, पापा?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही, नाटक नव्हतं ते. मग प्रेमाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू राखण केलीस. चांगली केलीस हो."

राखण. कुत्र्याला म्हणतात तसं. ज्याने त्यांच्यासाठी आपलं नाव बदलायला साफ नकार दिला, तो चार वर्षांत इमेनपोल झाला. मी जन्मापासून तेच नाव लावून त्यांच्या चादरी धुतल्या, त्यांच्या वतीने माफ्या मागितल्या, रविवारी अंधाराच्या आत धापा टाकत परतले, तर मी राखणदार. मला भयंकर राग आला. दुसरा बूट मी काढला नाही. उठले आणि क्लेमेन्सला फोन केला.

"मला घ्यायला ये."

"कधी?"

"आत्ता."

"आत्ता? अगं, गाडीत अजून निम्मे मासे आहेत."

"माशांसकट ये."

मी खोलीत जाऊन बॅग भरली. फार काही नव्हतंच. बाहेर आले तेव्हा पापा तसेच बाकावर, एक पाय मोज्यात, एक बुटात.

"आजच? तू तर ईस्टरचं म्हणाली होतीस."

"मी आज म्हणतेय."

"बरं. आणि माझं रात्रीचं जेवण?"

"मोठ्या घरी सांगा," मी म्हटलं. "म्हातारघरातल्या म्हाताऱ्याला जेवू घालणं, बूट काढणं, दुखलं-खुपलं बघणं, हे सगळं मळ्याच्या धन्याचं काम. रिवाज आहे. तुम्हीच शिकवलंत. आता इमेनपोल तिथे राहतो."

पापांनी खिडकीतून मोठ्या घराकडे पाहिलं. ओला अंगणात शेळ्यांना आत हाकत होती, दारेक उसनी हॅट शिंक्यासारखी हातात लटकावून तिच्याशी बोलत होता. दोघंही परकीच होती त्यांना, जेवायला काय करतात हेही माहीत नव्हतं. मग पापांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली.

"ट्रूडिस," ते म्हणाले, "बूट तरी काढून जा."

बाहेर क्लेमेन्सच्या गाडीचा भोंगा वाजला. मला त्यांची दया आली, फार आली. बॅग खाली ठेवून मी गुडघे टेकले, दुसरा बूट काढला, दोन्ही बूट शेगडीजवळ सुकायला ठेवले. मग बॅग उचलली आणि निघाले.